जनुक गप्प केले, पण कळले काय?

उसावरील खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. पुणे जिल्ह्यातील ऊसकरी शेतकऱ्यांना ती 'ट्रायकोकार्ड'मुळे परिचित आहे. कार्डावर कॉर्सायरा या धान्यातील पतंगाची अंडी चिकटवलेली असतात व त्यांच्या आत या माशीची पिल्ले वाढतात. किडीचा नाश करते ती फक्त मादी. कार्डातून नरच जास्त निघाले, तर खोडकिडीचे काही बिघडत नाही. म्हणून अशा माशांत नर-मादी कसे ठरते, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही.

असे प्रश्न सोडवण्यासाठी 'जनुक-शमन' हे तंत्र वापरतात. १९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी ते सूत्रकृमीत दाखवले. २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत दुपेडी आरएनए सोडला की पेशी त्याचे लहान तुकडे करते. त्या तुकड्यांशी जुळणारा संदेशवाहक आरएनए नष्ट होतो. जनुक जागेवरच राहते, पण त्याचा निरोप पोहोचत नाही.

२००६ सालीच हे तंत्र नासोनिया या परोपजीवी गांधीलमाशीत वापरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. मादी-कोष काचपट्टीवर चिकटवून त्याच्या पोटात सुईने आरएनए सोडायचा आणि परिणाम तिच्या संततीत पाहायचा. नासोनियात फलित अंड्यातून मादी व अफलित अंड्यातून नर जन्मतो. २०१० साली असे दिसले, की आईतील 'ट्रान्सफॉर्मर' जनुकाचे शमन केले तर फलित अंड्यांतूनही नर निपजतात.

प्रयोग सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. मात्र 'मादी घडवणारे जनुक सापडले' हा निष्कर्ष आम्हांला घाईचा वाटतो. फ्यूज काढल्यावर पंखा थांबतो. म्हणून फ्यूज पंखा फिरवतो, असे आपण म्हणत नाही. शमनाने जनुकाची गरज सिद्ध होते. त्याला चालना कोण देते, ते कळत नाही. फलित अंड्यात ही चालना देणारे आणखी एक जनुक २०२० साली उजेडात आले. ते केवळ पित्याकडून आलेल्या प्रतीतूनच कार्य करते. मधे दहा वर्षे गेली.

दुसरा आक्षेप प्राण्याच्या निवडीबद्दल आहे. नासोनियाची पिल्ले माशीच्या कोषाच्या कवचाखाली, पण तिच्या शरीराबाहेर वाढतात. कवच उघडले की हाती लागतात. ट्रायकोग्रामा दुसऱ्याच्या अंड्याच्या आत वाढते; तिला सुई टोचणे फार कठीण. शिवाय तिच्या काही वाणांत वोलबाखिया हा जीवाणू अफलित अंड्यांतूनही माद्याच घडवतो. नासोनियाचा नियम तिला जसाच्या तसा लावणे म्हणजे सोयीच्या प्राण्याला सर्वांचा प्रतिनिधी ठरवणे होय.

तेव्हा अशी बातमी वर्गात सांगताना शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. त्या कीटकात नसलेल्या जनुकाचा आरएनए टोचून तुलना केली होती का? नाहीतर सुईच्या जखमेचा परिणामही जनुकाच्या नावावर जमा होईल. निरोप पूर्ण थांबला, की नुसता कमी झाला? आणि निष्कर्ष ज्या कीटकाबद्दल काढला, प्रयोग त्याच्यावरच झाला होता का? हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.