कच्छी भरतकामाचे वर्गीकरण : काही आक्षेप

कच्छच्या भरतकामाविषयी लिहिताना त्याला तेथील स्त्रियांची ‘भाषा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्दप्रयोग पाहून आनंद होण्याऐवजी थोडी धास्तीच वाटते. कारण ही उपमा योजणारे लेखक लगेच टाक्यांची यादी देतात आणि विवेचन पूर्ण झाले असे मानतात. शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे, हे पदव्युत्तर वर्गात निराळे सांगावे लागत नाही. टाक्यांच्या बाबतीत मात्र ते सांगणे प्राप्त आहे.

साखळी टाक्याचेच उदाहरण घ्यावे. भूजच्या दरबारासाठी व धनिकांसाठी मोची कारागीर रेशमी वस्त्रावर आरीने जे काम करीत, त्यात हाच टाका असे. रबारी स्त्री सुईने घालते तो टाकाही साखळीचाच. टाका हा निकष धरला की दोन्ही कामे एका कप्प्यात पडतात. वस्तुतः मोच्याच्या कामात बारीक वेलबुट्टीचा विस्तार असतो. रबारी स्त्री साखळीने आकृतीची सीमा आखते, नंतर आतील जागा इतर टाक्यांनी भरते आणि निरनिराळ्या आकारांचे आरसे त्यात बसविते. घटक एक, रचना दोन.

‘भरतकाम’ हा आपला शब्दही येथे थोडी दिशाभूल करतो. त्यातील ‘भरणे’ या क्रियेत आधी आखलेली चौकट गृहीत आहे. रबारी कामाला, किंवा आधी रेखाटून मग दाट टाक्यांनी भरीव केलेल्या ‘पाको’ला (आपला ‘पक्का’ शब्द येथे सहज ओळखू येतो) तो चपखल बसतो. पण ‘सूफ’चे काय? सूफ म्हणजे त्रिकोण. थरपारकरातील सोढा राजपूत व मेघवाळ समाजांचे हे काम असून, १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यांतील अनेक कुटुंबे कच्छात आली. सूफमध्ये कापडावर एकही रेघ काढीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजीत, कापडाच्या उलट बाजूने काम चालते; आकृती सुलट बाजूवर उमटत जाते. ‘खारेक’ या प्रकारातही मोजणीच आहे, परंतु तेथे आधी काळ्या धाग्याच्या चौकटी उभ्या राहतात आणि मग त्यांतील जागा टाक्यांच्या पट्ट्यांनी भरतात. (मराठी वाचकाला या नावाने सुकी खारीक आठवेल, कच्छच्या बाजारात खारेक म्हणजे पावसापूर्वी उतरविलेले ताजे फळ.) तेव्हा रेखाटन की मोजणी, चौकट आधी की नाहीच, काम कोणत्या बाजूने, हे भेद टाक्याच्या नावापेक्षा अधिक मूलभूत होत. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने सूफ करणाऱ्या बाईस छापील नक्षीचे कापड दिले, तर टाका तोच राहील आणि सूफ नाहीसे होईल. यादी करणाऱ्यास याचा पत्ताही लागणार नाही.

आपल्याकडील शिवणवर्गांतून ‘कच्छी टाका’ म्हणून शिकवला जाणारा गुंफणीचा टाका हा त्या प्रदेशातील अनेक टाक्यांपैकी एक. एका शब्दास सबंध भाषेचे नाव द्यावे, तसाच हा प्रकार आहे.

ज्युडी फ्रेटर यांनी आपल्या १९९५च्या ग्रंथात रबारी भरतकामाचा विचार त्या समाजाच्या ओळखीशी जोडून केला, ही दिशा मला अधिक योग्य वाटते. त्याच वर्षी ढेबरिया रबारी समाजाने आपल्या स्त्रियांना स्वतःच्या वापरासाठी हाताचे भरतकाम करण्यास बंदी घातली. वधूबरोबर द्यावयाच्या भरतकामाचा भार विवाहांच्या आड येत होता. निर्णय कठोर होता, आणि तो करणाऱ्यांना सुई धरावी लागत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. पण पुढे जे घडले ते वर्गीकरणकारांनी अवश्य पाहावे. स्त्रियांनी बाजारातील तयार फिती व नागमोडी किनारी घेतल्या आणि शिवणयंत्रावर त्यांची जुळणी करून आपली वस्त्रे पुन्हा सजविली. हाताचा टाका गेला. वस्त्राच्या कोणत्या भागावर काय यावे, रंगाशेजारी कोणता रंग, सीमा कोठे, ही जाण राहिली. उसने शब्द घेऊनही व्याकरण आपलेच ठेवणाऱ्या बोली आपणांस परिचित आहेत. संग्रहालयात असे पोलके आले, तर नोंदवहीतील ‘टाका’ या रकान्यात काय लिहावयाचे?