‘ताटी’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि वाङ्मयीन उपयोजन

प्रास्ताविक : उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या सच्छिद्र विणीसाठी मराठीत जाळी, गवाक्ष, झरोका, ताटी असे शब्द आहेत, मात्र त्यांचा सामाजिक स्तर एक नाही. ‘गवाक्ष’ हा प्रासादाचा शब्द. ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात अजाला पाहण्यासाठी नगरस्त्रिया गवाक्षांशी धावतात. ‘ताटी’ हा झोपडीचा शब्द आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

अर्थ व व्युत्पत्ती : बांबूच्या कामट्या, काटक्या किंवा धाटे बांधून केलेले झापासारखे दार म्हणजे ताटी. मराठीतील ‘तट्ट्या’ व हिंदीतील ‘टट्टी’ हे शब्द त्याच कुळातील मानता येतात. शिरूर-दौंडच्या जिराईत पट्ट्यात ज्वारी-बाजरीच्या धाटाला ‘ताट’ म्हणतात. हे शब्दसाम्य लक्षणीय असले, तरी तेवढ्यावरून व्युत्पत्ती ठरविणे घाईचे ठरेल. ग्रामीण बोलीत ‘ताटी’चा ‘तिरडी’ असाही अर्थ आहे. कारण दोहोंची बांधणी सारखीच.

वाङ्मयीन उपयोजन : मुक्ताबाईंचे ‘ताटीचे अभंग’ परंपरेने ४२ मानले जातात, त्यांच्या संख्येविषयी व पाठाविषयी मतभेद आहेत. लोकनिंदेने व्यथित झालेल्या ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली आणि धाकट्या बहिणीने ती उघडण्याची विनवणी केली, अशी आख्यायिका आहे. वर्गात आपण ‘ताटी म्हणजे दार’ असे सांगून पुढे जातो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भक्कम दार आवाज अडविते; ताटी दृष्टी अडविते, आवाज अडवीत नाही. बहिणीचा शब्द विणीच्या फटींतून आत पोहोचतो, म्हणूनच बेचाळीस अभंगांचा हा संवाद संभवतो. शिवाय ताटी बाहेरून लोटणे कठीण नाही. तरीही मुक्ताबाई ती लोटीत नाहीत. ज्याने लावली त्यानेच उघडावी, हा त्यांचा आग्रह आहे. या रचनेतील नैतिक बळ येथे आहे. ‘दार’ म्हटल्याने ते निसटते.

तिरडीचा अर्थ मूळ रचनेत अभिप्रेत होता असे म्हणण्यास आधार नाही. तथापि तो ठाऊक असलेल्या वाचकाला ताटी उघडणे म्हणजे पुन्हा जगण्यात परतणे, असा ध्वनी ऐकू येतो.

समारोप : आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि भीमा पुढे शिरूरची सीमा धरून दौंडकडे वाहते. तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्काम करते. या परिसरातील विद्यार्थ्याला हे अभंग परके नाहीत. ‘ताटी’ ही वस्तू मात्र सिमेंटच्या घरांत दिसेनाशी होत आहे. ऊसतोड कामगारांच्या कोपीत वाढलेल्या मुलाला ती कदाचित शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असेल. शब्दार्थ फळ्यावर लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे. संतसाहित्याच्या अध्यापनात त्याचा अनुभव हेही एक साधन आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.