अद्भुताचा पत्ता

आजच्या फँटसी मालिकांना नावे ठेवायची झाली की टॉलकीनचा दाखला ठरलेला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये आले आणि पुढच्यांनी त्याच्या नकला केल्या, असा एकूण सूर असतो. हा निवाडा घाईचा आहे. जॉर्ज मार्टिनच्या १९९६पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मालिकेत वारसाहक्काची भांडणे आणि युद्धात होरपळणारी रयत ज्या बारकाईने येते, तशी ती टॉलकीनकडे येत नाही. उर्सुला ल ग्विनने १९६८मध्येच सावळ्या वर्णाचा नायक उभा केला होता. म्हणजे कसब वाढलेच आहे. कमी झाले ते वेगळे. टॉलकीन फिनलंडच्या 'कालेवाला'तून आणि जुन्या नॉर्स काव्यातून घेत होता, आणि त्यामागे गाणाऱ्यांची तोंडे होती. त्याच्यामागून आलेले पुष्कळ लेखक टॉलकीनमधूनच घेतात.

हे माप मराठीला लावले की मात्र पंचाईत होते, कारण आपल्या आद्य अद्भुतरम्य कादंबऱ्याच पुस्तकांतून जन्मल्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, 'रत्नप्रभा' १८६६ची. पाठोपाठ रिसबुडांची 'मंजुघोषा'. संस्कृत कथा-आख्यायिका आणि अरबी-फारसी किस्से यांच्या संस्कारातून त्या घडल्या. त्यांतली राज्ये कुठेही असू शकतात. तिथला पाऊस, पीक, देवाचा डोंगर वाचकाला ओळखू येत नाही. पुढे वि. का. राजवाड्यांनी १९०२च्या 'कादंबरी' या निबंधात मराठी कादंबरीला युरोपीय मापाने तोलले, तोवर हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट रुळवली होती. अद्भुत मग मुलांच्या आणि रहस्यकथांच्या कपाटात गेले. नारायण धारपांनी ते मोठ्यांसाठी पुन्हा बाहेर काढले खरे, पण त्यांची 'लुचाई'देखील स्टीफन किंगवर बेतलेली. 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट मनात राहतो तो त्यातल्या कोकणच्या पावसामुळे आणि कुजत चाललेल्या वाड्यामुळे. तिथले अद्भुत दुसऱ्या गावी हलवता येत नाही. चित्रपट हिंदीत झाला, हे आपले दुर्दैव.

म्हणून जुने ग्रंथ विरुद्ध नव्या मालिका ही तुलना मराठीपुरती फारशी कामाची नाही. मराठी मुलखातल्या अद्भुताचा पाया छापील पानात शोधण्यापेक्षा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे चढत जाणाऱ्या डोंगरपट्ट्यात शोधावा. तिथला कोकणा समाज मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत धरतो. व्रत धरणारे भाये दिवसच्या दिवस नेम पाळतात आणि पौर्णिमेच्या सुमारास गडाकडे निघतात. याच पट्ट्याला लागून असलेल्या डांग-सुरगाण्याकडे थाळगान आहे. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटे ओढत सूर धरायचा आणि त्या सुरावर रात्रभर कथा सांगायची. धान्याची देवी कणसरी हिची कथा अशी सांगितली जाते. नव्या मालिकांचे लेखक आपली जादू कुठल्या नियमाने चालते ते पानेच्या पाने समजावतात. थाळगानाला त्याची गरज नसते, कारण ऐकणाऱ्याच्या कणगीत तेच धान्य असते. शेजारच्या बागलाणातल्या साल्हेरवरून परशुरामाने बाण सोडला ही आख्यायिकासुद्धा डोंगर समोर दिसतो म्हणून टिकली.

यावर आक्षेप निघेल की ही श्रद्धा आहे, फँटसी नव्हे. कल्पित जग निर्माण करणे ही वेगळीच कला आहे. हे अर्धे खरे आहे. 'कालेवाला'ची गाणीही कुणाच्या तरी श्रद्धेतलीच होती. एलियास ल्यॉनरोटने ती गोळा करून १८३५मध्ये ग्रंथ बांधला. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्या ग्रंथावर नाव ल्यॉनरोटचे राहिले, गायकांची नावे अभ्यासकांपुरती उरली. पुण्या-मुंबईच्या लेखकाने डोंगऱ्यादेव उचलून त्याची सहा भागांची मालिका केली, तर ती उचलेगिरीच ठरेल, मग भाषा कितीही सुंदर असो. त्यामुळे कादंबरीच्या आधी नोंदीचे काम यायला हवे: कथा कोकणा बोलीत, शेजारी मराठी, आणि सांगणाऱ्याचे नाव-गाव त्याच्या संमतीने. कादंबरी लिहायची की नाही, हे त्या पाड्यांवरच्या शिकलेल्या मुलामुलींनी ठरवावे. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७मध्ये तिथेच उभे राहिले. त्यांनी जमवलेल्या जुन्या कागदांसाठी खानदेशाने तेव्हा जेवढी तातडी दाखवली, तेवढीच आता थाळीवरच्या कथांसाठी हवी आहे.