धूप फक्त शेतातच होते काय?

जमिनीची धूप हा विषय आपण दरवर्षी शिकवतो. फळ्यावर डोंगराचा उतार काढतो, तोडलेले जंगल आणि अतिचराई ही कारणे सांगतो, आणि उपाय म्हणून बांधबंदिस्ती व वृक्षारोपण लिहून देतो. यात चुकीचे काही नाही. पण शाळेच्या नव्या खोल्यांसाठी पाया खणला जातो, मातीचे ढीग पडतात आणि पहिल्याच पावसात ते गटारात उतरतात, तेव्हा त्यालाही धूपच म्हणतात हे सहसा कोणी सांगत नाही. आमचा आक्षेप या वगळण्याला आहे, कारण हीच चूक पुढे नियमांत आणि उपायांतही शिरलेली दिसते.

नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगरचे उदाहरण घेऊ. शहादा तालुक्यातील हे ठिकाण सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. तापीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात जमीन काळी आणि बरीचशी सपाट आहे. सपाट जमिनीवर कसली आली धूप, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बांधकाम सुरू झाले की तीन गोष्टी बदलतात. पीक किंवा गवत निघून गेल्याने पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो. मोठ्या थेंबाचा वेग सेकंदाला ६ ते ९ मीटर असतो, त्या माराने मातीची ढेकळे फुटतात. दुसरे म्हणजे, ट्रक आणि रोलरखाली जमीन दाबली जाते, तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. तिसरे म्हणजे, सपाट शेतात मातीचा ढीग घातला की त्या ढिगाला स्वतःचा तीव्र उतार मिळतो. म्हणजे डोंगर नसेल तर आपणच तो तयार करतो.

थोडे गणित करून पाहू. १ एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २ लाख लिटर पाणी होते. त्यातील ६० टक्के वाहून गेले आणि प्रत्येक लिटरमध्ये १० ग्रॅम माती असली, असे समजू. मग एका पावसात सुमारे १.२ टन माती जागा सोडते. शहादा परिसरातील पाणी गोमाई नदीतून प्रकाशाजवळ तापीला मिळते आणि तापीवर पुढे गुजरातेत उकाई धरण आहे. आपल्या आवारातून गेलेला गाळ नाहीसा होत नाही. तो नाल्याचा तळ उथळ करतो, शेजाऱ्याच्या शेतात पसरतो किंवा धरणापर्यंत जातो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना नवी नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील नद्यांचा अभ्यास करून गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ साली दाखवून दिले, की शेतीच्या काळात नदीत येणारा गाळ मध्यम असतो, बांधकामाच्या थोड्या वर्षांत तो कित्येक पटींनी उसळतो आणि शहर बांधून झाल्यावर पुन्हा खाली येतो. म्हणजे सर्वांत मोठे नुकसान सर्वांत कमी काळात होते. अमेरिकेने १९९० साली ५ एकर व त्याहून मोठ्या, आणि १९९९ च्या नियमाने १ एकर व त्याहून मोठ्या बांधकामांना पावसाच्या पाण्याबाबत परवाना सक्तीचा केला. तेथे मोजली जाते ती उघडी पडणारी जमीन.

आपल्याकडे काय मोजले जाते? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार इमारतींना पर्यावरणीय मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून पुढे. बांधकाम क्षेत्र म्हणजे मजल्यांचे क्षेत्रफळ. पावसाला मात्र मजल्यांशी काही देणेघेणे नसते, त्याला उघडी माती पुरते. दहा एकर शेत सपाट करून प्लॉट पाडले आणि त्यावर एकही भिंत उभी राहिली नाही, तर बांधकाम क्षेत्र शून्य भरेल आणि धूप मात्र पूर्ण दहा एकरांवर होईल. पुरुषोत्तमनगरसारख्या गावांतील गोदामे, शाळेच्या खोल्या, छोट्या वसाहती ही कामे या मापात बहुधा येतच नाहीत. पर्जन्यजल संकलनाच्या अटीही इमारत पूर्ण झाल्यानंतरच्या छपराचा विचार करतात. बांधकाम चालू असतानाच्या गढूळ पाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

डोंगराळ भागात या दुर्लक्षाची किंमत लगेच दिसते. ६ जून २०१३ रोजी पुणे-सातारा महामार्गावर कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडी येथे डोंगर फोडलेल्या बाजूने पाण्याचा लोंढा आला आणि एक आई व तिची लहान मुलगी त्यात वाहून गेली. त्यानंतर डोंगरफोडीवर पुष्कळ चर्चा झाली. सपाट गावात कोणी वाहून जात नाही, म्हणून चर्चाही होत नाही. फक्त माती जात राहते.

आता उपायांकडे वळू. अशा कामांच्या आराखड्यांत ‘गाळ बसण्यासाठी खड्डा’ हा ठरलेला उपाय असतो. तो वालुकामय जमिनीत चालतो. काळ्या जमिनीत तो किती उपयोगी पडेल, हे स्टोक्सच्या नियमाने तपासता येते. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १ मीटर खोल स्थिर पाण्यात सुमारे २ मिनिटांत तळ गाठतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे ३ तास लागतात. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला ३ दिवसांहून अधिक काळ लागतो. काळ्या मातीत अशा बारीक कणांचेच प्रमाण मोठे असते आणि जोराच्या पावसात खड्ड्यातील पाणी काही मिनिटांतच बाहेर पडते. वाळू खाली राहते, कसदार चिकणमाती निघून जाते. खड्डा खणू नये असे आमचे म्हणणे नाही, पण त्यावर विसंबून राहणे म्हणजे आगीनंतर विहीर खणणे होय.

खरा उपाय माती जागेवरून हलू न देणे हा आहे. जेवढे काम लगेच करायचे तेवढीच जमीन उघडावी. खोदाई आणि भराव शक्यतो पावसाळ्यापूर्वी संपवावेत. मे अखेरीस खणून जूनमध्ये पाया उघडा ठेवणे टाळावे. वरून येणारे पाणी चर काढून जागेच्या बाहेरून वळवावे. ढीग नाल्यापासून दूर ठेवून ताडपत्रीने झाकावेत. उघड्या जमिनीवर उसाचे पाचट पसरावे. ऊसपट्ट्यात पाचट अनेकदा शेतातच जाळले जाते. तेच थेंबांचा मार झेलण्यास उत्तम आच्छादन आहे. यातील कोणत्याही कामाला परदेशी सामान लागत नाही.

विद्यार्थ्यांना हे पटवण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. दोन सारख्या पत्र्याच्या ट्रेमध्ये काळी माती भरा, दोन्हींना सारखा उतार द्या, एकीवर पाचट पसरा. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी ओता. वाहून आलेले पाणी दोन उभ्या काचेच्या बरण्यांत जमवा. कोणत्या बरणीत किती पाणी आले, ते किती गढूळ आहे, आणि दुसऱ्या दिवशीही कितपत गढूळ राहिले, याची नोंद करा. गढूळ पाण्याच्या एका भागात थोडी तुरटी फिरवली की बारीक कण एकमेकांना चिकटून लवकर बसतात, हेही दाखवता येईल. निरीक्षणासाठी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खोदकामाच्या खड्ड्याजवळ मात्र नेऊ नये.

यापुढे शाळेत बांधकाम निघाले, तर या नोंदी मुख्याध्यापकांपुढे आणि कंत्राटदारापुढे ठेवाव्यात आणि माती झाकण्याची अट कामाच्या करारात लिहून घ्यावी. नियम बदलण्यास वर्षे लागतील. ही अट पुढच्या पावसाळ्याआधी घालता येते.