ठेवीचें सोनें

जॉर्ज टेबर यांचा 'चेसिंग गोल्ड' हा २०१४ सालीं निघालेला इंग्रजी ग्रंथ एकदां हातीं घेतला म्हणजे खालीं ठेववत नाहीं. नाझींनीं युरोपांतील मध्यवर्ती बँकांच्या सोन्यामागें जो ससेमिरा लावला, त्याची ही कथा. आमची तक्रार आहे ती तिच्या रंजकतेबद्दलच.

बेल्जियमचें प्रकरण पाहा. तेथील राष्ट्रीय बँकेनें ४,९४४ पेट्या, म्हणजे सुमारें १९८ टन सोनें, फ्रान्सच्या बँकेकडे ठेव म्हणून सोंपविलें होतें. जून १९४० मध्यें फ्रान्स कोसळत असतां तें लोरियां बंदरांतून जहाजानें डाकारला व तेथून आफ्रिकेच्या अंतर्भागांत कायेस येथें गेलें. येथवर विश्वस्तानें ठेव राखली, असें म्हणतां येईल. पण ऑक्टोबरांत वीसबाडेनच्या वाटाघाटींत व्हिशी सरकारनें परक्याचें हें धन जर्मनीच्या राइशबँकेच्या हवालीं करण्याचें मान्य केलें. मग आगगाडी, नायजर नदींतील नावा, मोटारी, उंट, मिळेल त्या वाहनानें तें सहारा ओलांडून अल्जीरियाला व पुढें विमानानें मार्सेला गेलें. शेवटचा हप्ता बर्लिनला पोंचेपर्यंत १९४२ साल उजाडलें. राइशबँकेनें तें वितळवून, विटांवर युद्धापूर्वींचीं सालें ठोकून, स्वित्झर्लंडांत खपविलें.

उंट चित्तवेधक खरे. परंतु हा अपहार वाळवंटांत झाला नाहीं, टेबलावर झाला. १९३९ च्या मार्चांत तर उंटांचीही गरज पडली नव्हती. प्राग जर्मनांच्या ताब्यांत जातांच झेक राष्ट्रीय बँकेचें सुमारें ५६ लक्ष पौंडांचें सोनें लंडनमध्यें, बँक ऑफ इंग्लंडच्या वह्यांत, एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत गेलें. हुकूम बासेलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सचा. आणि अर्थमंत्री सायमन पार्लमेंटांत म्हणाले, सरकारला हें अडविण्याचा अधिकार नाहीं! फ्रान्समध्यें सरकारनें हात घातला, इंग्लंडांत हात आंखडला. ठेवीदार मात्र दोन्हीकडे नागवला गेला. ही तुलना ग्रंथाचा कणा व्हावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें.

बेल्जियन बँकेनें १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत फ्रान्सच्या बँकेवर दावा लावला, आणि फ्रान्स मुक्त झाल्यावर १९४४ सालीं त्या बँकेनें स्वतःच्या सोन्यांतून भरपाई केली. सरकारी हुकमाची ढाल तिनें अखेर खालीं कां ठेवली, हा प्रश्न आम्हांस सहारापेक्षां अधिक रोमहर्षक वाटतो. त्याला आणखी पानें मिळालीं असतीं, तर उंट थोडे कमी झाल्याबद्दल वाचकांनीं कुरकुर केली नसती.