गिधाडेमधला निळा डाग

पावेल युराचेक हा चेक पटकथालेखक-दिग्दर्शक. १९६३च्या त्याच्या 'जोसेफ किलियान'मध्ये एक माणूस दुकानातून मांजर भाड्याने आणतो. परत करायला जातो, तर दुकानच गायब! १९६९मध्ये त्याने गलिव्हरच्या प्रवासावरून एक चित्रपट केला आणि त्यानंतर सत्तेने त्याला पुन्हा दिग्दर्शन करू दिलं नाही. १९८९च्या मे महिन्यात तो गेला. ती राजवट नोव्हेंबरमध्ये कोसळली.

त्याच्याबद्दल वाचताना विजय तेंडुलकर आठवतात. आडनाव आपल्या तेंडोलीचं. त्यांचंही तोंड बंद करू पाहणारे कमी नव्हते, पण ते लिहीत राहिले. याचं श्रेय आपण त्यांच्या धाडसाला देऊन मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं.

१९७०चं 'गिधाडे' बघा. माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगून टाकलं. हा किस्सा आपण हसत सांगतो. पण रंगमंचावर रक्ताचा रंग कोणता असावा हे शेवटी मंडळानेच ठरवलं, हेही खरं.

१९७२मध्ये 'सखाराम बाइंडर' अडकलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी डाग बदलला नाही. ते हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्यांचं 'बाइंडरचे दिवस' वाचलं की 'बंदीमुळेच नाटक गाजलं' असं म्हणवत नाही. थांबलेल्या प्रयोगांची किंमत नाटकवाल्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. त्याच वर्षाअखेरीस आलेलं 'घाशीराम कोतवाल' तर सरकारने नव्हे, ते करणाऱ्या संस्थेनेच १९ प्रयोगांनंतर थांबवलं. मग कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अ‍ॅकॅडमी उभारली.

म्हणजे तेंडुलकरांच्या मागे दिग्दर्शक होते, नट होते, कोर्ट होतं. युराचेकच्या देशात स्टुडिओही सरकारचा आणि दादही सरकारकडेच. दोघांमधला मोठा फरक हा आहे.

हे तेंडुलकरांना पुरतं कळलं होतं, असं त्यांच्या पटकथा सांगतात. 'आक्रोश'मधला (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण चित्रपटभर गप्प आहे. वकील त्याच्या बाजूचा आहे, कोर्टही आहे. तरी तो बोलत नाही, कारण घरी म्हातारा बाप आणि तरुण बहीण आहे. त्याच्यावर कुठलीच लेखी बंदी नाही. तेंडुलकरांचं सेन्सॉरशिपबद्दलचं सगळ्यात धारदार लेखन मला 'घाशीराम'पेक्षा इथे दिसतं.

आपल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा आणि राक्षस देवळासमोर उभे राहून आयत्या वेळी भांडतात. मंडळाने आधी वाचावं असा कागदच नाही! पण समोर गाव बसलेलं असतं, मानकरी बसलेले असतात आणि कुठे थांबायचं हे नटाला बरोबर कळतं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्धवट टाइप केलेलं वाक्य खोडताना आपल्यालाही ते कळतंच की.

म्हणून 'आक्रोश' बघा. आणि बघताना लहान्याला गप्प कुणी केलं, त्यांची नावं मोजत जा.