किती चिकटलं, किती जागं राहिलं?

आई फोनवर विचारते, "दिवसभर करतेस काय गं?" मी म्हणते, "काचेवर प्रथिनं चिकटवते." "मग फेविकॉल लाव की!"

हसू नका. आमच्या क्षेत्रातले बरेच पेपर इथेच थांबतात: चिकटलं, संपलं. माझा आक्षेप तोच आहे.

बॉस्टन युनिव्हर्सिटीत सेलिम उनलू यांच्या गटाने घडवलेलं 'आयरिस' तंत्र घ्या. सिलिकॉनच्या चिपवर काचेसारख्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावरून परतणारा प्रकाश मोजून वर किती वस्तुमान बसलं ते कळतं. प्रथिनाला रंग लावावा लागत नाही. अँटिबॉडी चिपवर बसवायला त्यांनी मिलानच्या मार्सेला कियारी यांचं पॉलिमर वापरलं. त्याचा एक भाग काचेला धरतो, दुसरा प्रथिनातल्या अमाइन गटांशी बंध जोडतो, आणि पाण्यात फुगणारा कणा नको त्या प्रथिनांना लांब ठेवतो. चिप द्रावणात बुडवा, धुवा, वाळवा, झालं! या सोपेपणाचं श्रेय द्यायलाच हवं.

पण अमाइन गट अँटिबॉडीच्या अंगभर असतात. त्यातला कुठला जुळेल हे पॉलिमर ठरवत नाही. अँटिबॉडी उभी बसली तर पकडणारे दोन्ही हात मोकळे, पालथी पडली तर हात अंगाखाली दबलेले. वजन मात्र दोघींचं सारखंच भरतं. म्हणून 'आमच्या लेपावर जास्त प्रथिन बसतं' हे निम्मंच उत्तर आहे.

दुसरी पळवाट म्हणजे स्वच्छ बफर. एका वेगळ्या लेपावरची माझी चिप बफरमध्ये सुंदर चालली आणि सीरममध्ये पार बुडाली. हिशोब बघा: सीरमच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन सुमारे 40 मिलिग्रॅम, तर प्रोस्टेटच्या तपासणीत पीएसएची रूढ मर्यादा 4 नॅनोग्रॅम. म्हणजे एकास एक कोटी! लेपाला थोडं अल्ब्युमिन चिकटलं तरी खरा सिग्नल झाकला जातो, आणि कुणाचा तरी आजार 'नाही' म्हणून सुटतो.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना तीन गोष्टी शोधा. बसलेल्या अँटिबॉडींपैकी किती जणी खरोखर पकडतात? सीरममधला आलेख आहे का? आणि अँटिबॉडी नसलेल्या कोऱ्या जागेवर त्याच वेळी काय दिसलं? उत्तरं नसतील, तर लेप चिकटवतो एवढंच सिद्ध झालंय. तेवढं आईलाही माहीत होतं.